झुलमिराबाईंचा भाऊ

ॲन आर्बर,
२१ जून १९९४

आदरणीय बाबा,

सविनय जयभीम. आईलाही माझा जयभीम सांगा, आणि तिचे गुडघे कसे आहेत ते तिलाच लिहायला सांगा. तुम्ही दर पत्रात "ठीक आहेत" एवढंच लिहिता, जणू गुडघे तुमचेच आहेत.

मी मजेत आहे. मजेत म्हणजे काय, गेले चार-पाच दिवस माझे पाय जमिनीवर नाहीत! फुटबॉलचा वर्ल्ड कप सुरू झालाय, आणि तोही आमच्या अंगणात. इथून तासाभरावर पॉन्टिअ‍ॅक नावाचं गाव आहे, तिथे एक छप्पर असलेलं अवाढव्य स्टेडियम आहे. आत गवत उगवत नाही म्हणून बाहेर हिरवळ वाढवली आणि तुकड्या-तुकड्यांनी आत आणून अंथरली. अमेरिकन लोकांचा उत्साह मात्र असा, की आमच्या डिपार्टमेंटमधल्या सेक्रेटरीबाईंनी मला विचारलं, "कसला कप?" मी कपाळावर हात मारून घेतला.

प्रितमने २८ तारखेची तिकिटं मिळवली आहेत. प्रितम म्हणजे अमरावतीचा, मेकॅनिकलवाला. चौदा एप्रिलच्या फोटोत बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी माईक धरून उभा आहे तो. परवा धावत आला आणि दारातूनच ओरडला, "उपासना, बैठ यार, आधी खाली बैठ. ब्राझील-स्वीडन! दोन तिकिटं! मी ड्राइव्ह करतो, तू फक्त पराठे कर." त्याच्या गाडीचा सायलेन्सर तारेने बांधलेला आहे, पण ब्राझील बघायला मी बैलगाडीतूनही जाईन.

तुम्ही म्हणाल, शिकायला गेलेली पोरगी फुटबॉलमध्ये कुठे शिरली? सांगते. त्याला कारण एक जनरल आहे.

त्याचं नाव एमिलिओ मेदिसी. एकोणीसशे एकोणसत्तरच्या शेवटापासून चौऱ्याहत्तरपर्यंत ब्राझीलचा राष्ट्राध्यक्ष. निवडून वगैरे आलेला नाही, वरच्या लष्करी अधिकाऱ्यांनी आपसांत ठरवून बसवलेला. चौसष्ट साली लष्कराने सत्ता घेतली, त्यातला हा तिसरा. लायब्ररीत त्या वेळची वर्तमानपत्रं मायक्रोफिल्मवर आहेत. ती बघायला लागले की जेवायचं भान राहत नाही. बाबा, हा माणूस तुम्हाला आवडला असता! कमी बोलणारा, साधा, घरच्या आजोबांसारखा. फुटबॉलचं भयंकर वेड. सत्तर साली ब्राझीलने वर्ल्ड कप जिंकला तेव्हा त्याने राजवाड्याची दारं लोकांना उघडी केली आणि स्वतः फोटोग्राफरांपुढे बॉल पायावर उडवून दाखवला. फायनलचा स्कोअर त्याने आधीच बरोबर सांगितला होता म्हणतात. त्याच्या काळात कारखाने धडाधड वाढले, जंगलातून शेकडो मैलांचा रस्ता काढला, आणि गाड्यांच्या काचांवर स्टिकर लागले, अर्थ साधारण असा: देशावर प्रेम करा, नाहीतर चालते व्हा.

आणि त्याच वर्तमानपत्रांत मधूनच एखाद्या पानावर, राजकारणाच्या बातमीच्या जागी, केकची पाककृती! सेन्सॉरने बातमी कापली की एका पेपरात ती जागा अशी भरायचे. बातमी कसली होती ते कळायचं नाही, पण काहीतरी कापलंय हे समजणाऱ्याला समजायचं. मी मशीनवर पान फिरवत जाते आणि पाककृती दिसली की मशीन थांबवून त्या दिवसाची तारीख टिपून घेते.

लाइट गेले, रेशनवर रॉकेल संपलं, फॅक्टरीत युनियनवाल्यांनी गोंधळ घातला की तुमचं ठरलेलं वाक्य असायचं: "दोन वर्षं मिलिटरीच्या ताब्यात द्या हा देश, सुतासारखा सरळ होईल." आणि आई चुलीपासून म्हणायची, "आणि ज्या राज्यघटनेपुढे रोज मेणबत्ती लावता, ती कुठे ठेवायची? माळ्यावर?" त्यावर तुम्ही पेपर तोंडापुढे धरायचात. मी तेव्हा हसायची. आता तेच वाक्य घेऊन अभ्यासाला बसले आहे असं समजा.

पोर्तुगीज शिकते आहे. शिकवायला झुलमिराबाई आहेत. खरं त्यांना इथे सगळे "दोना झुलमिरा" म्हणतात, आपल्या "बाई"सारखंच ते. साठीच्या, बुटक्या, डोक्यावर पांढरे कुरळे केस, आणि चूक केली की टेबलावर पेन आपटतात. रेसिफे नावाच्या समुद्राकाठच्या गावच्या. मेदिसीच्याच काळात देश सोडून आल्या आणि परत गेल्याच नाहीत. पहिल्याच आठवड्यात वर्गात "माझे वडील" या विषयावर चार वाक्यं बोलायची होती. मी तुमच्याबद्दल बोलले. सगळा वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. तास संपल्यावर त्यांनी मला घरी कॉफीला बोलावलं. तेव्हापासून दर आठवड्याला जाते.

तुम्ही ऑगस्टच्या तिकिटाचं विचारलंत. विहारातल्या लोकांना तुम्ही तारीख सांगून बसला आहात हेही समजलं. बघते मी. उन्हाळ्यात इथे फार गर्दी असते.

आई, लोणच्याचा मसाला पोचला, बरणी फुटली नाही. मॅचच्या डब्यात तेच असणार आहे.

पाय जमिनीवर नसलेली,
उपासना


ॲन आर्बर,
३० जून

आदरणीय बाबा,

जयभीम. पत्रावर पत्र पाहून घाबरू नका, तब्येत उत्तम आहे. फक्त घसा बसलाय.

मॅच कशी सांगू! त्या स्टेडियमला एसी नाही, आणि वर फुगलेल्या कापडासारखं छप्पर. मे महिन्यात आपल्या वाडीत पत्र्याच्या शेडखाली बसावं तसा उकाडा. पण ब्राझीलची माणसं ढोल घेऊन आलेली, पिवळे शर्ट, बायका नाचताहेत, म्हातारे नाचताहेत. आमच्या पुढे एक आजोबा होते, त्यांना प्रितमने पराठा-लोणचं दिलं. त्यांनी खाल्लं, डोळ्यांत पाणी आलं, आणि पुन्हा हात पुढे केला!

पहिला गोल स्वीडनने केला.  हाफ टाइमभर प्रितम नखं खात होता, "यार, हे काय चाललंय, यार." आणि मग दुसरा हाफ सुरू होऊन लोक धड खाली बसलेही नव्हते, तर बरोबरी! मी खुर्चीवर चढून ओरडले. त्या आजोबांनी मागे वळून प्रितमच्या कपाळाचा मुका घेतला. मॅच एक-एक अशी बरोबरीतच सुटली, पण आम्ही जिंकल्यासारखे नाचत घरी आलो. सायलेन्सर वाटेत पडला. गाडीचा आवाज असा, की लोक कडेला होऊन वाट देत होते.

आता दुसरी गोष्ट. ती लिहू की नको असं कालपासून चाललंय. पण तुम्हाला नाही तर कुणाला लिहू?

झुलमिराबाई फुटबॉल बघत नाहीत. टीव्हीवर लागलं तर उठून जातात. ब्राझीलची बाई आणि फुटबॉल बघत नाही, म्हणून मी एकदा विचारलं, तर त्यांनी सत्तर सालची गोष्ट सांगितली. त्यांचा धाकटा भाऊ सेल्सो, इंजिनीयरिंगला होता. तो, झुलमिराबाई, आणि त्याचे दोन-चार मित्र, सगळे लष्कराच्या विरोधात. त्यांनी ठरवलं की या वर्ल्ड कपात आपण ब्राझीलच्या विरुद्ध! ब्राझील जिंकलं की जनरल जिंकला, कप घेऊन तो मिरवणार. पहिली मॅच झेकोस्लोव्हाकियाशी. झेक लोकांनी पहिला गोल केला, आणि या सगळ्यांनी दात-ओठ आवळून टाळ्या वाजवल्या. मग ब्राझीलने बरोबरी केली, आणि सेल्सो असा उडाला की हातातला ग्लास भिंतीवर. "गोऽऽल" म्हणून रस्त्यापर्यंत धावत गेला! परत आला तो ओशाळून, आणि बहिणीला म्हणाला, "पुढच्या मॅचला नक्की विरुद्ध." पुढच्या मॅचलाही तेच. हे सांगताना बाई हसून हसून लाल झाल्या होत्या.

पुढच्या वर्षी सेल्सोला बसस्टॉपवरून उचललं. साध्या कपड्यांतली माणसं होती, साधी गाडी होती. घरच्यांनी विचारायला सुरुवात केली तेव्हा सगळीकडे एकच उत्तर: या नावाचा माणूस आमच्याकडे कधी नव्हता. त्या काळात अशी पुष्कळ माणसं नाहीशी झाली. अटक नाही, खटला नाही, प्रेत नाही. राजवाड्यात तो साधा, आजोबांसारखा माणूस रेडिओ कानाला लावून मॅच ऐकतोय आणि पेपरात केकची पाककृती. हे मी लायब्ररीत वाचलं होतं, बाबा. पण बाईंच्या हॉलमध्ये सेल्सोचा फोटो आहे, दाट भुवयांचा, हसताना एक डोळा बारीक होणारा. तो बघितल्यावर वाचलेलं सगळं वेगळं दिसायला लागलं.

काल सेल्सोचा वाढदिवस होता. बाई म्हणाल्या, ये, मी केक करणार आहे. मला वाटलं, रिकाम्या हाताने कसं जायचं. सकाळी फार्मर्स मार्केटमध्ये गेले तर तिथे कुंडीतला झेंडू! आपला झेंडू, बाबा, तोच वास. मी सगळ्या कुंड्या घेतल्या, घरी येऊन फुलं खुडली. दोरा सापडेना. शेवटी दातांत फिरवायचा मेणाचा दोरा असतो ना इथे, तो सुईत ओवला आणि त्यावर हार गुंफला. इतका सुंदर झाला की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

बाई स्वयंपाकघरात होत्या. मी फोटो पुसला, हार घातला, मेणबत्ती लावली, हात जोडले आणि मनातल्या मनात त्रिसरण म्हटलं. तुम्ही आजीच्या फोटोपुढे म्हणता तसं.

बाई केक घेऊन बाहेर आल्या. केकवरही मेणबत्त्या होत्या. फोटोकडे बघून थबकल्या. "किती सुंदर, हे काय आहे?" असं त्यांनी आधी विचारलं. आणि मी शहाणी, छाती फुगवून समजावून सांगायला लागले: "आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोला असा हार घालतात. जिवंत माणसाच्या फोटोला घालत नाहीत, अशुभ मानतात."

माझं वाक्य संपलं आणि मला कळलं मी काय बोलले ते.

त्यांनी केक खाली ठेवला. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "तो गेलाय हे तुला कुणी सांगितलं? सरकारने अजून मला सांगितलेलं नाही. माझी आई शहाऐंशी वर्षांची आहे, रेसिफेच्या त्याच घरात राहते. तिने दाराचं कुलूप बदललेलं नाही, का, तर त्याच्याकडे जुनी किल्ली आहे. टेलिफोनचा नंबर बदलू दिलेला नाही. आणि तू दुपारी येऊन त्याला मारून टाकलंस."

मी माफी मागितली, कोणत्या शब्दांत ते मलाही आठवत नाही. हार काढायला हात पुढे केला तर म्हणाल्या, "हात लावू नकोस. जा."

मी पायीच घरी आले. बसस्टॉपवर थांबायचं धाडस झालं नाही.

एवढी वर्षं झाली, म्हणजे माणूस गेला, असं मी धरूनच चालले होते. बाई कधीच तसं म्हणत नव्हत्या हे माझ्या कानांवर पडत होतं, पण लक्षात आलं नाही. प्रितम म्हणतो, "तू चांगल्या मनाने केलंस, सोड ना यार." पण चांगल्या मनाने घातलेला हार हा काही कमी जड असतो का?

आईला हे वाचून दाखवू नका. की दाखवा. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.

तुमची,
उपासना


ॲन आर्बर,
१८ जुलै

आदरणीय बाबा,

जयभीम. आईला जयभीम.

ब्राझीलने कप जिंकला! काल! तुमच्या पेपरात आलंच असेल. सत्तर सालानंतर पहिल्यांदा! रात्रभर झोपलेले नाही, अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या.

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. तुमचं वाक्य पाठ झालंय: "ब्राझीलच्या जनरलशी आपला काय संबंध? बाबासाहेब समुद्र ओलांडून गेले ते कशासाठी, हे विसरू नकोस." रागावलेले असलात की तुमचं अक्षर आणखी सुबक होतं, हे तुम्हाला माहीत आहे का? त्या प्रश्नाचं उत्तर याच पत्रात आहे, पण आधी कालचं सांगू द्या.

आमच्याकडे टीव्हीपुढे आम्ही दहा-बारा जण दाटीवाटीने बसलो होतो. नव्वद मिनिटं गोल नाही. जादा वेळ सुरू झाला, त्यातही गोल नाही. आणि बेल वाजली. दारात झुलमिराबाई! हातात फडक्याने झाकलेली परात, तिच्यात चीजचे गरमागरम गोळे. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे गेले नव्हते, वर्गात शेवटच्या बाकावर बसत होते. त्या म्हणाल्या, "आत येऊ देतेस का, की इथेच उभी करून ठेवणार?"

प्रितमने उठून खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पेनल्टी सुरू झाल्या. मी टीव्हीकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होते. शेवटी इटलीच्या माणसाने मारलेला बॉल बारच्या वरून उडाला, आणि बाबा, बाई किंचाळल्या! परात गेली उडून, चीजचे गोळे सगळ्या कार्पेटवर! त्या टाळ्या वाजवत, उड्या मारत, माझ्या गळ्यात पडल्या आणि रडायला लागल्या. "आम्ही विरुद्ध होतो," असं म्हणत होत्या, "आम्ही विरुद्ध होतो ना ग." प्रितमलाही रडू आलं, त्याला तर सत्तर सालची ती गोष्ट माहीतही नव्हती.

सगळे गेल्यावर आम्ही दोघी कार्पेट साफ करत बसलो, तेव्हा त्यांनी सांगितलं. मी गेल्यावर त्या हार काढायला उठल्या. हात वर नेला आणि काढवेना. दोन दिवस त्या खोलीतच गेल्या नाहीत. रविवारी नेहमीप्रमाणे आईला फोन केला आणि ठरवलेलं नसताना तोंडून निघून गेलं: माझ्याकडच्या एका मुलीने सेल्सोच्या फोटोला फुलांचा हार घातला, गेलेल्या माणसाला घालतात तसा. बाईंना वाटलं, आता आई फोन ठेवणार.

 पण म्हातारीने विचारलं, "कुठली फुलं?" बाईंनी सांगितलं. म्हातारी म्हणाली, "इतकी वर्षं जो येतो तो मला धीर देतो. रडू मात्र कुणीच देत नाही. त्या मुलीला इकडे घेऊन ये."

बाबा, ते जुनं कुलूप म्हातारीने स्वतःच्या आशेसाठी ठेवलेलं नव्हतंच. मुलीला वाटत होतं आईची आशा तुटेल, आणि आईला वाटत होतं मुलीची. दोघी एकमेकींसाठी त्याला जिवंत ठेवत होत्या.

झुलमिराबाई रेसिफेला निघाल्या आहेत. देश सोडल्यापासून पहिल्यांदाच. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात. आणि मी त्यांच्याबरोबर जाणार आहे!

आता तुम्ही पत्र खाली ठेवून चष्मा पुसाल. ठेवू नका, वाचा. मी ऑगस्टमध्ये घरी येत नाही. पब्लिक पॉलिसीचा कोर्स मी जानेवारीतच सोडला. इतिहास विभागात आहे, मेदिसीच्या राजवटीवर काम करते आहे, प्रोफेसर खूश आहेत, आणि मी आयुष्यात कधी इतकी आनंदात नव्हते. युपीएससीचा फॉर्म भरणार नाही. तुम्ही विहारात सगळ्यांना सांगितलंय की शंकररावांची पोरगी परत येऊन कलेक्टर होणार. त्यांना काय सांगायचं, हा प्रश्न मी तुमच्यावर टाकते आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण कोर्स सोडल्याचं अजिबात वाईट वाटत नाही. दोन्ही खरं आहे.

मात्र तुमच्यापासून लपवायची गोष्ट ही नव्हती. ही तर मी कधीतरी लिहिणारच होते. दुसरी एक होती. पहिल्या पत्रात तिच्यापर्यंत आले आणि वळसा घालून पुढे गेले.

वर्गात तुमच्याबद्दल चार वाक्यं बोलले असं लिहिलं होतं ना? त्यातलं चौथं वाक्य होतं: "माझे वडील म्हणतात, हा देश दोन वर्षं मिलिटरीच्या ताब्यात द्या." त्याच वाक्याला वर्ग हसला होता. तास संपल्यावर कॉफी ओतताना बाईंनी विचारलं, "तुझे वडील कसे आहेत?" मी म्हटलं, प्रामाणिक. फॅक्टरीतून कधी एक खिळा घरी आणला नाही. वक्तशीर. लाच घेणाऱ्याच्या घरी पाणी पीत नाहीत. त्या म्हणाल्या, "हो, माझेही तसेच होते."

त्यांच्या वडिलांचं औषधांचं दुकान होतं. चौसष्ट साली रस्त्यावर रणगाडे आले तेव्हा त्यांनी खिडकीतून झेंडा लावला आणि सगळ्या आळीला सरबत पाजलं. म्हणाले, "दोनच वर्षं. घाण साफ करतील आणि बराकीत परत जातील." लष्कर गेलं ते एकवीस वर्षांनी. सेल्सोला उचलल्यावर ते रोज हॅट हातात घेऊन बराकीच्या फाटकाशी जायचे. ज्या अधिकाऱ्यांच्या पोरांना त्यांनी खोकल्याचं औषध दिलं होतं, ते त्यांना आत घेत नसत. मग ते घरी येत आणि जेवायच्या टेबलाशी गप्प बसत. बोलणं हळूहळू बंदच झालं. अठ्ठ्याहत्तर साली गेले. शेवटपर्यंत त्यांना कुणी काही म्हटलं नाही, मुलीने नाही, बायकोने नाही. ते वाक्य त्या घरात पुन्हा कुणी उच्चारलं नाही.

त्यांचा स्वभाव कसा होता हे ऐकताना मला सारखे तुम्ही दिसत होता. तोच ताठ कणा, तीच चीड. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. म्हणून लिहवत नव्हतं. तुम्हाला लागेल म्हणून. जनरलशी आपला काय संबंध, असं तुम्ही विचारलंत. हा संबंध. आईने चुलीपासून विचारलेला प्रश्न चेष्टेचा नव्हता, बाबा. मी तुमच्यावर रागावलेली नाही. मला फक्त भीती वाटली, आणि ती तुमच्यासारख्या चांगल्या माणसांची वाटली.

आता माझं एक काम करा.

म्हातारीला काहीतरी करायचं आहे. चर्चमध्ये प्रेताशिवाय काय करायचं हे पाद्र्यालाही नीट सांगता येईना. तिने बाईंमार्फत मला विचारलंय, तुमच्यात काय करतात. मी सांगितलं, आम्ही पुण्यानुमोदन करतो. माणूस गेला की घरची, शेजारची मंडळी जमतात, वंदना होते, आणि त्याने केलेलं चांगलं आठवून चार लोक बोलतात. म्हातारी म्हणाली, हे चालेल. सेल्सोचे ते मित्र येणार आहेत, जेवढे उरलेत तेवढे. ग्लास फुटल्याची गोष्ट सांगायला प्रत्येकाला आत्ताच घाई झाली आहे म्हणे! मला इतका आनंद झालाय आणि इतकी धडकी भरली आहे, की काय सांगू.

वंदना मला येते. जे येत नाही ते तुम्हाला येतं. आपल्या वस्तीत कुणी गेलं की लोक रात्री-अपरात्री तुमच्याकडे येतात, आणि तुम्ही शांतपणे विचारता, "कधी गेले?" आणि त्यावरून दिवस ठरवून देता. मी लहानपणापासून बघते आहे. तुम्ही दिवस सांगितला की रडणारी माणसं जरा सावरतात.

इथे कधी गेला ते कुणालाच माहीत नाही. उचललं तो दिवस धरायचा? की मी हार घातला तो? की म्हातारीने फोनवर "कुठली फुलं" असं विचारलं तो? मी विचार करकरून थकले. त्या घरात दिवस ठरवून देईल असा वडीलधारा आता कुणी नाही.

दिवस तुम्ही ठरवून कळवा. जे काही रागावायचं असेल ते त्याच पत्रात रागवा, दोन पानं रागवा, मी सगळं वाचेन. पण शेवटी एका ओळीत तारीख लिहा, आणि खाली तुमची सही करा. मी त्या आईला ती ओळ दाखवून सांगेन, माझ्या वडिलांनी सांगितलंय.

वाट पाहणारी तुमची लेक,
उपासना